इबोला दारात आणि सर्जन जनरलची खुर्ची रिकामी

निरीक्षक
३० सप्टेंबर २०१४ला डॅलसमध्ये इबोलाचा रुग्ण असल्याचं जाहीर झालं. अमेरिकेत निदान झालेला हा पहिलाच. त्या दिवशी देशाच्या सर्जन जनरलच्या, म्हणजे लोकांना आरोग्याचा सल्ला देणाऱ्या सरकारी डॉक्टरच्या खुर्चीत हंगामी माणूस बसला होता. आधीच्या सर्जन जनरल रेजिना बेंजामिन २०१३च्या जुलैतच पद सोडून गेल्या होत्या. नोव्हेंबरात ओबामांनी डॉ. विवेक मूर्तींचं नाव मंजुरीसाठी सिनेटकडे, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहाकडे पाठवलं आणि ते तिथे धूळ खात पडलं. कारण काय, तर बंदुका! बंदुका हा आरोग्याचा प्रश्न आहे आणि पुढारी रायफल असोसिएशनला, म्हणजे बंदूकवाल्यांच्या बड्या संघटनेला घाबरतात, असं ट्विट मूर्तींनी २०१२ साली केलं होतं. असोसिएशनने विरोध जाहीर केला आणि पुढारी खरंच घाबरले. साथीच्या दिवसांत रिपब्लिकनांनी हे करावं याची चीड येते.

कडूकारले
फक्त रिपब्लिकनांनी? २०१३च्या नोव्हेंबरातच सिनेटचा नियम बदलला होता. अशा नेमणुकीची वाट मोकळी करायला ६० मतं लागत, ती अट गेली आणि साधं बहुमत पुरेसं झालं. डेमोक्रॅटांच्या बाजूला ५५ जण होते. तरी घोडं अडलं, कारण आर्कान्सा, लुइझियाना, अलास्का इथल्या त्यांच्याच सिनेटरांची निवडणूक तोंडावर होती. ते तिघेही पडले, मग १५ डिसेंबरला मूर्ती ५१-४३ने पास. तेव्हाही ३ डेमोक्रॅट विरोधात होते. शिवाय मूर्तींची डॉक्टरांची संघटना आधी ‘डॉक्टर्स फॉर ओबामा’ होती. वय ३६. शंका घेणारे सगळेच बंदूकवाले नव्हते.

नाईट_ड्युटी
राजकारण राहू द्या, कामाचं बोलू. सर्जन जनरल असता तर डॅलसमध्ये नेमकं काय बदललं असतं? तिथे दोन नर्सना लागण झाली. तेव्हाच्या सूचनांप्रमाणे पोशाख घातला तरी मानेची कातडी उघडी राहू शकत होती. २० ऑक्टोबरला सूचना बदलल्या: कातडी कुठेही उघडी नको, आणि पोशाख चढवताना-उतरवताना शेजारी एक प्रशिक्षित माणूस उभा हवा. उतरवतानाच खरा धोका. दमलेला हात आपोआप चेहऱ्याकडे जातो, हे ज्याने बारा तास मास्क लावलाय त्याला सांगायला नको. या सूचना सीडीसीच्या, म्हणजे अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेच्या. तिचे प्रमुख फ्रीडन जागेवर होते, त्या पदाला तेव्हा सिनेटची मंजुरीही लागत नव्हती. आणि सर्जन जनरलच्या हाताखालचं गणवेशधारी पथक हंगामी प्रमुख लश्नियाक यांच्या काळातच लायबेरियात जाऊन आजारी आरोग्य कर्मचाऱ्यांवर उपचार करत होतं.

निरीक्षक
पोशाखाचं मान्य. पण लोकांशी बोलायचं कोणी? एड्सबद्दल सर्जन जनरल कूप यांनी १९८८मध्ये घरोघरी पत्रक पाठवलं. तो विश्वास हंगामी माणसाला मिळत नाही. १७ ऑक्टोबरला इबोलाचा समन्वयक नेमला, तो रॉन क्लेन, म्हणजे वकील! ‘डॉक्टर का नाही’ असं ओरडणाऱ्यांच्याच पक्षाने ११ महिने डॉक्टरची नेमणूक रोखली होती.

कडूकारले
कूप यांचं नाव तुम्हीच काढलंत, बरं झालं. १९८१मध्ये रीगननी त्यांना नेमलं तेव्हा गर्भपाताविषयीच्या मतांवरून डेमोक्रॅटांनी कित्येक महिने रोखून धरलं. मंजुरी नोव्हेंबरात. एड्सची पहिली अधिकृत नोंद त्याच वर्षीच्या जूनमधली. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं!

निरीक्षक
हा योग माझ्या लक्षात आला नव्हता, कबूल. पण जूनमध्ये ती पाच रुग्णांची नोंद होती, पुढे काय वाढून ठेवलंय हे कोणालाच ठाऊक नव्हतं. २०१४मध्ये टीव्हीवर दुसरं काही दिसत नव्हतं. तेव्हाचं अडवणं आणि हे अडवणं एका मापाने मोजणार नाही मी.

नाईट_ड्युटी
डॅलसमध्ये संपर्कात आलेल्या शेवटच्या माणसाची २१ दिवसांची देखरेख ७ नोव्हेंबरला संपली. मूर्तींवरचं मतदान त्यानंतर पाच आठवड्यांनी. तुमचं मोजमाप चालू द्या.