मदत हवी आहे : १९९३ च्या ४८६ मधली हार्डडिस्क चालू होत नाही, आतला मजकूर हवाच आहे

व्हाळाकाठी
आत्याचा जुना ४८६ कॉम्प्युटर माळ्यावरून काढला. स्क्रीन येते, पण पुढे जात नाही. हार्डडिस्क सुरू कशी करायची? दोन दिवस डोकं फोडतोय. आतला मजकूर अतिशय महत्त्वाचा आहे, दुसरी प्रत नाही. फॉरमॅट करा असं कृपया सांगू नका. इथल्या दुकानात तेच ऐकून आलोय.

जुनाखोका
यावरून कुणालाच काही सांगता येणार नाही. स्क्रीनवर नेमकं काय लिहून येतं? डिस्क किती एमबीची? चालू केल्यावर डिस्कमधून आवाज येतो का, आणि कसला? शेवटची कधी चालली होती? आणि उघडल्यावर आत काय काय केलंत तेही लिहा.

चिपळूणचा_राजू
जुन्या डिस्कच्या मागे लागू नका. कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड (जुन्या कॅमेऱ्यातलं मेमरी कार्ड) आणि ते डिस्कच्या जागी जोडणारा आयडीई अडॅप्टर घ्या, त्यावर डॉस ही जुनी ऑपरेटिंग सिस्टीम टाका. माझं ३८६ चार वर्षं असंच चाललंय. आवाज नाही, गरम होत नाही.

व्हाळाकाठी
राजूभाऊ, मला मशीन चालवायचं नाहीये. डिस्कवरचा मजकूर हवाय.

मनोहर_तात्या
प्लास्टिकच्या पिशवीत बांधून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा. माझ्या भाच्याची डिस्क त्याने वीस मिनिटं चालली होती.

जुनाखोका
तात्या, कृपा करून हे कुणाला सांगू नका. या डिस्कच्या झाकणाला हवेसाठी बारीक भोक असतं. फ्रीजरमधून काढून कोकणातल्या दमट हवेत ठेवली की आतल्या तबकडीवर दव धरतं आणि तशीच फिरवली तर मजकूर वाचणारं हेड तबकडी खरवडतं. भाच्याची वाचली, बऱ्याच जणांची गेली असेल.

मनोहर_तात्या
मी डोळ्यांनी पाहिलंय ते सांगितलं. ज्याला पटेल त्याने करावं.

व्हाळाकाठी
उशीर झाला, दिवसभर वीज नव्हती. आधी 'सीमॉस चेकसम फेल्युअर' येतं, मग 'ड्राइव्ह नॉट रेडी, इन्सर्ट बूट डिस्केट इन ए'. डिस्क १२० एमबी. शेवटची २००४ च्या आसपास चालली असेल. चालू केल्यावर 'कुंऽऽ' असा अर्धा सेकंद आवाज येतो आणि गप्प.

आत फार काही केलं नाही. मदरबोर्डवर निळी, नळकांड्यासारखी बॅटरी होती, तिच्यातून हिरवट पांढरं काहीतरी बाहेर आलं होतं, ती कापून काढली.

मजकूर म्हणजे आत्याने १९९३ पासून जमवलेले मालवणी शब्द. साडेचार हजारांवर. ती शिक्षिका होती, सुट्टीत गावोगाव फिरून बायकांकडून शब्द लिहून आणायची आणि रात्री टाइप करायची. आता ८१ ची आहे, दिसत नाही. रोज विचारते, "माज्या शब्दांचा काय झाला रे?"

जुनाखोका
बॅटरी कापली हे पहिल्याच ओळीत यायला हवं होतं! कापलीत ते योग्यच केलंत, नाहीतर त्या क्षाराने बोर्डाचे तांब्याचे पट्टे खाल्ले असते. पण डिस्कची मापं सीमॉस नावाच्या छोट्या मेमरीत त्या बॅटरीच्या जिवावर टिकतात. ती पुसली गेली, म्हणून मशीनला डिस्क आहे हेच ठाऊक नाही. डिस्कवरच्या लेबलवर सिलिंडर, हेड, सेक्टर ही मापं छापलीत का?

तुमच्याकडे दोन वेगळे बिघाड आहेत. मापं हा सोपा. 'कुं' करून गप्प बसणं हा दुसरा. डिस्क थांबली की हेड तबकडीवरच टेकतं. वीस वर्षं तसंच राहिलं की वंगणामुळे चिकटून बसतं आणि मोटरला ते सुटत नाही.

बाइटवाला
मापं हाताने कशाला भरायची? बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये, ऑटो डिटेक्ट असतं, एंटर दाबायचं.

जुनाखोका
१९९३ च्या सगळ्या बायोसमध्ये नसतं. असलं तरी लेबलशी ताडून बघायचंच. चुकीच्या मापांवर एखाद्या प्रोग्रामने लिहिलं तर मजकूर कायमचा जाईल.

व्हाळाकाठी
लेबलवर ९०१, ५, ५३ असं आहे.

जुनाखोका
९०१ × ५ × ५३ सेक्टर, प्रत्येकी ५१२ बाइट. गुणाकार १२.२ कोटी बाइट येतो, म्हणजे बरोबर. बायोसमध्ये 'टाइप ४७' (मापं स्वतः भरायचा पर्याय) निवडून हेच आकडे भरा. मात्र बॅटरी नसल्याने बंद केलंत की पुन्हा भरावे लागतील.

त्याआधी चिकटलेलं हेड. केबल काढा, डिस्क दोन्ही हातांत आडवी धरा आणि जातं फिरवतो तशी सपाटीतच, मनगटाच्या झटक्याने, पाव फेरा फिरवून थांबवा. चार-पाच वेळा. वर-खाली हलवायची नाही, टेबलावर आपटायची नाही, झाकण उघडायचं नाही. एकदा फिरायला लागली की मजकूर निघेपर्यंत बंद करू नका.

बाइटवाला
आणि हे सगळं यूपीएसवर. पावसाळ्यात कोकणात वीज कधी जाईल सांगता येत नाही.

सातेरी
मालवणी शब्दकोश वाचून राहवलं नाही. 'मांगर' घेतलाय का त्यांनी? पुण्यात सगळे खोप आणि मांगर एकच समजतात.

मनोहर_तात्या
एकच आहेत की.

सातेरी
नाही हो तात्या. खोप हंगामापुरती, गवता-झावळ्यांची. मांगर पक्का, भिंतींचा, गुरं आणि गवत ठेवायला. आमच्या मांगराला गडगो (दगडी कुंपण) पण होता.

व्हाळाकाठी
फिरली!! पाचव्या झटक्यानंतर. आधी घरघर, मग एकसारखा बारीक सूर. आकडे भरले आणि सी प्रॉम्प्ट आला, म्हणजे डिस्क वाचली गेली. हात थरथरत होते.

आता बाहेर कसं काढू? यूएसबीला लावायचा आयडीई अडॅप्टर आणलाय.

जुनाखोका
तो राहू द्या. असे बरेच अडॅप्टर एलबीए पद्धतीनेच (प्रत्येक सेक्टरला सरळ क्रमांक देऊन) डिस्कशी बोलतात, इतक्या जुन्या डिस्कला बहुधा फक्त सिलिंडर-हेड-सेक्टर कळतं. शिवाय तो लावायला डिस्क बंद करावी लागेल.

चिपळूणचा_राजू
मी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, कॉम्पॅक्ट फ्लॅश. स्लेव्ह म्हणून, म्हणजे त्याच मशीनला दुसरी डिस्क म्हणून, जोडा आणि कॉपी करा.

जुनाखोका
राजू, त्यालाही मशीन बंद करावंच लागतं. पुन्हा चिकटली तर? डॉस ६ वर इंटरलिंक नावाचा प्रोग्राम आहे, प्रिंटर पोर्टच्या केबलने दुसऱ्या मशीनवर नेता येतं.

चिपळूणचा_राजू
आणि दुसरं डॉसचं मशीन कुठून आणायचं त्यांनी?

बाइटवाला
भांडण्याआधी एक विचारतो. फायली किती मोठ्या आहेत?

व्हाळाकाठी
'क', 'ख' अशा अक्षरवार चौतीस. सगळ्या मिळून नऊशे केबी.

बाइटवाला
मग १.४४ एमबीची एक फ्लॉपी पुरे!

जुनाखोका
हे मी आधी विचारायला हवं होतं. फ्लॉपीच करा, दोन प्रती. स्कॅनडिस्क, चेकडिस्क काही चालवू नका, ते डिस्कवर लिहू शकतात.

व्हाळाकाठी
डब्यातल्या अकरा फ्लॉप्यांना बुरशी होती, दोन चालल्या. 'प'ची फाईल मधेच अडली, 'ॲबॉर्ट, रिट्राय, फेल' विचारत होतं. रिट्राय दाबत राहिलो, पंचवीसेक वेळांनी आली. 'ह' मात्र आलीच नाही.

पण लॅपटॉपवर उघडल्या तर सगळी घाण! उभ्या-आडव्या रेघा आणि चौकटींचे कोपरे. मजकूर खराब झाला का?

अक्षरवेडी
खराब नाही, थांबा. त्या मशीनमध्ये जिस्ट कार्ड होतं का, देवनागरी दाखवणारं, सीडॅक या सरकारी संस्थेचं?

व्हाळाकाठी
हो, लांबट हिरवं कार्ड आहे. त्यावर जिस्ट लिहिलंय. सांगायचं राहिलं.

अक्षरवेडी
मग मजकूर इस्कीमध्ये, म्हणजे भारतीय लिप्यांच्या जुन्या संगणकी संकेतात आहे, आयएस १३१९४ : १९९१ हे त्याचं मानक. एका बाइटला एक अक्षर. 'क'चा जो क्रमांक, त्याच क्रमांकावर डॉसच्या इंग्रजी संचात उभी रेघ येते. म्हणून 'क'च्या फाईलमध्ये ओळींच्या सुरुवातीला उभ्या रेघा दिसतील, बघा. आयसीयू नावाची मुक्त लायब्ररी आहे, तिच्यातल्या यूकॉन्व्ह या रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामला 'इस्की, व्हर्जन ०' सांगितलं की युनिकोड देवनागरी मिळेल. मूळ फायली जपून ठेवा, रूपांतर प्रतीवर करा.

व्हाळाकाठी
तशाच आहेत! प्रत्येक ओळ उभ्या रेघेने सुरू होते.

मनोहर_तात्या
मांगर बघा आधी.

व्हाळाकाठी
तात्या, सातेरीताई, आत्याने लिहिलंय : "मांगर – घरापासून दूर, गुरे व वैरण ठेवण्याची पक्की जागा. खोपीशी गल्लत करू नये." खाली ज्या बाईने सांगितला तिच्या वाडीचं नावही आहे.

जुनाखोका
डिस्क थंड होऊ द्या, पण बंद न करता, समोर पंखा लावून. 'ह' रात्री पुन्हा बघा.

व्हाळाकाठी
रात्री दोनदा बघितलं, नाही आली. आत्याला सांगितलं की 'ह' गेला. ती म्हणाली, "तेवढे माका तोंडपाठ आसत. लिवन घे." साडेचारपासून लिहितोय, आतापर्यंत एकसष्ट झाले.