सर्फ म्हणजे भूदास, गुलाम की कूळ? आणि १८६१ ला "मुक्ती" म्हणायचं का?

धागाकर्ती:
लेकीला रशियाचा इतिहास समजावताना अडले. झार दुसरा अलेक्झांडर याने १८६१ ला "भूदासांची मुक्ती" केली असं पुस्तकात आहे. ती म्हणाली, आई, भूदास म्हणजे भूदानासारखं काही का? मी "शेतावरचे गुलाम गं" म्हणून वेळ मारून नेली पण मनाला पटलं नाही, कारण गुलाम असेल तर त्याला स्वतःचं घर, घोडा, कसायला पट्टी हे सगळं कसं? मग कूळ म्हणावं का? मूळ रशियन शब्द काय आहे?

प्रतिसाद:
कूळच की. जमीन दुसऱ्याची, कसणारा हा.

प्रतिसाद:
नाही हो, कूळ नका म्हणू. कुळाला मालक हाकलेल, खंड वाढवेल, पण विकणार नाही. रशियात अठराव्या शतकात जमीनदार माणसं विकायचे, जमिनीसकट आणि जमिनीशिवायही, वर्तमानपत्रात जाहिराती यायच्या. जमिनीशिवाय माणूस विकण्याच्या जाहिराती छापायला पहिल्या अलेक्झांडरने १८०१ मध्ये बंदी घातली, म्हणजे जाहिरात बंद, विक्री चालूच.

प्रतिसाद:
रशियन शब्द "क्रेपोस्तनोय". यातल्या "क्रेपोस्त"चा आजचा अर्थ किल्ला, मुळात घट्टपणा, पण जुन्या दप्तरी भाषेत क्रेपोस्त म्हणजे खत, आपल्या खरेदीखतातलं खत. तेव्हा क्रेपोस्तनोय म्हणजे खताने बांधलेला माणूस. गुलामासाठी त्यांच्याकडे वेगळा शब्द होता, "खोलोप". पीटरने डोईपट्टी बसवली (१७२४ पासून वसुली), तेव्हा खोलोपांनाही त्याच यादीत घातलं आणि कागदावरचा फरक पुसला गेला. त्या यादीत फक्त पुरुष मोजायचे आणि मोजायचं एकक होतं "दुशा" म्हणजे आत्मा, अमक्या जमीनदाराकडे तीनशे आत्मे आहेत असं बोलायचे. मराठीत इथे "आत्मे" लिहिलं तर भुताची गोष्ट वाटेल, "डोकी" लिहावं.

आणि हे सगळं एका दिवसात झालं नाही हे शब्दावरून कळतं. तिसऱ्या इव्हानच्या १४९७ च्या कायद्यात शेतकऱ्याला मालक सोडून जायला वर्षातून एक मोकळीक होती, २६ नोव्हेंबरच्या युरीच्या सणाआधीचा एक आठवडा आणि नंतरचा एक, पीक घरात आलेलं असायचं, घराचं देणं चुकवायचं आणि निघायचं. सोळाव्या शतकाच्या शेवटी शेवटी ही मोकळीक काढून घेतली आणि १६४९ च्या कायद्याने पळालेल्याला शोधून परत आणायची मुदतच रद्द केली, म्हणजे वीस वर्षांनी सापडला तरी बायकापोरांसकट परत. रशियनमध्ये अजून म्हण आहे, "घे आजी, हा तुझा युरीचा दिवस", भरवशाची गोष्ट ऐनवेळी हातची गेली की म्हणतात. मला ही म्हण कुठल्याही सनावळीपेक्षा जास्त सांगते.

तर शब्द भूदासच ठेवा, जमिनीला बांधलेला हे त्यात येतं. फक्त लेकीला "खताने बांधलेला" हेही सांगा.

प्रतिसाद:
थोडं अवांतर, पण "झार" का म्हणतो आपण? मूळ उच्चार त्सार, आणि तो त्स आपल्याकडे आहेच की, चाक, चूल मधला च! झार हा आपल्या लेखनात रुळलाय, बदला असं म्हणत नाही, पण वाचून दाखवताना चाकातल्या च ने एकदा म्हणून बघा. शब्द सीझरवरून आलाय, त्सार म्हणून राज्याभिषेक झालेला पहिला म्हणजे चौथा इव्हान, १५४७. पीटरने १७२१ ला "इम्पेरातोर" हा किताब घेतला, त्यामुळे दुसरा अलेक्झांडर हा कागदोपत्री सम्राट, लोकांच्या तोंडी त्सार.

धागाकर्ती:
खूप छान. मग भूदास मालकाचं काम करायचा त्याला काय म्हणायचं? पुस्तकात "श्रमसेवा" आहे, वाचून काहीच डोळ्यापुढे येत नाही.

प्रतिसाद (खतवाला):
वेठ! "बार्शिना" म्हणजे अगदी वेठच, बारिनची म्हणजे मालकाची वेठ. पॉल झारने १७९७ ला फर्मान काढलं की रविवारी वेठ नको आणि आठवड्याचे तीन दिवस मालकाचे, तीन शेतकऱ्याचे, बहुतेक मालकांनी तीन दिवसांचं मनावर घेतलंच नाही. दुसरा प्रकार "ओब्रोक", रोख किंवा जिनसात ठराविक भरणा, तो आपला खंड. ओब्रोकवाला शहरात गाडी हाकून, सुतारकाम करूनही पैसे पाठवायचा. वेठ आणि खंड हे शब्द आपल्या आजी-आजोबांच्या तोंडी होते, ते सोडून श्रमसेवा कशाला?

आता "मुक्ती". इथे माझी खरी तक्रार आहे. क्रिमियाच्या युद्धात हरल्यावर अलेक्झांडरने १८५६ मध्ये मॉस्कोच्या सरदारांना सांगितलं की हे खालून आपोआप सुटायला लागण्याआधी वरून सोडवलेलं बरं. १९ फेब्रुवारी १८६१ चा जाहीरनामा (आपल्या कॅलेंडरने ३ मार्च), दोन कोटींवर माणसं विक्रीतून सुटली, लग्नाला मालकाची परवानगी नको, ही मोठीच गोष्ट. पण जमीन? तिचा शब्द "विकुप". गहाण दागिना पैसे भरून आणतात त्याला रशियनमध्ये हेच क्रियापद, आणि ओलीस माणसासाठी देतात त्या पैशालाही विकुपच. आपल्याकडे "सोडवणे" तंतोतंत असंच चालतं. सरकारने मालकाला किमतीचा बहुतेक भाग, साधारण ८० टक्के, दिला आणि शेतकऱ्याने तो दरसाल ६ टक्क्यांप्रमाणे ४९ वर्षं फेडायचा. त्यातही अनेक ठिकाणी आधी कसत होता त्यातला तुकडा कापून मालकाकडे गेला. १९०५ च्या उठावानंतर हप्ते माफ झाले, १९०७ पासून.

म्हणून माणसांची मुक्ती, जमिनीची सोडवणूक, असे दोन शब्द ठेवा. एकट्या "मुक्ती"त तो हप्ता दिसतच नाही.

प्रतिसाद:
हे वाचून आमच्या घरातला कागद आठवला. कुळकायद्यात आजोबांच्या नावावर जमीन झाली, ट्रंकेत कलम ३२ म चं सर्टिफिकेट आहे, किंमत भरल्यावर मिळालेलं. आजी "जमीन मिळाली" कधीच म्हणाली नाही, "सोडवली" म्हणायची.

धागाकर्ती:
सोडवणूक लगेच कळली तिला, गेल्या वर्षी माझ्या पाटल्या सोडवून आणल्या तेव्हा ती सोबत होती. एक राहिलं, हप्ते प्रत्येकाने वेगळे भरायचे की गावाने मिळून?

प्रतिसाद (खतवाला):
बहुतेक ठिकाणी गावाने मिळून. "मीर" म्हणतात, पुस्तकात "ग्रामसमुदाय" असेल, गावकी म्हणा. एकाने थकवलं तर बाकीच्यांच्या बोकांडी, त्यामुळे गाव सोडून जायचं तर आता मालकाच्या जागी गावकीची परवानगी लागायची.