गुडघ्यात दात्याची कूर्चा आणि हाड बसवण्याविषयी

प्रश्न : माझ्या धाकट्या भावाच्या गुडघ्यातील कूर्चेचा मोठा तुकडा खालच्या हाडासकट निखळला असून डॉक्टरांनी मृत दात्याच्या ऊतीचे प्रत्यारोपण सुचवले आहे. शरीर ती नाकारणार नाही ना?

उत्तर १ : काळजी स्वाभाविक आहे, परंतु कूर्चेत रक्तवाहिन्या नसल्याने तिच्या पेशी प्रतिकारशक्तीपासून बऱ्याच अंशी सुरक्षित राहतात आणि हाडातील मज्जा धुऊन काढली जाते, त्यामुळे मूत्रपिंड प्रत्यारोपणाप्रमाणे प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे लागत नाहीत.

उत्तर २ : खरी अडचण वेळेची आहे. ताजी ऊती सुमारे ४ अंश सेल्सिअसला ठेवली तरी जिवंत पेशी घटत जातात, म्हणून ती साधारण २८ दिवसांत वापरतात. शिवाय दात्याच्या गुडघ्याचे माप जुळावे लागते.

उत्तर ३ : पाय वाकडा असल्यास तो सरळ करणार का, हे आवर्जून विचारा, अन्यथा नव्या कूर्चेवरही तोच भार पडेल.