सगळं खापर वयावर नको

चाळिशीनंतर वाचलेलं डोक्यात राहत नाही, तेव्हा पुन्हा शिकायला बसू नये, हे मत मला पटलं नाही. नवरा गेल्यावर मी अर्धवट राहिलेली पदवी पुन्हा हाती घेतली, तेव्हा आड आलं ते वय नव्हे, अपुरी झोप आणि सैरभैर मन.

पद्धतीचाही भाग आहेच. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात पाच मिनिटांनी तपासलं तेव्हा मजकूर पुन्हा वाचणारे पुढे होते, पण आठवड्याने तपासलं तेव्हा न बघता आठवून लिहिणारे. (प्रयोग तरुण विद्यार्थ्यांवरचा, हे मान्य.) मीही मुलं झोपली की पुस्तक मिटून आठवेल तेवढं खरडायचे. चिडचिड खूप व्हायची, पण नेमकं कुठे अडतंय ते लगेच कळायचं.