प्रति: गुहागरच्या किनाऱ्यावर चेहरे काळे का येतात?

संध्याकाळी समुद्र मागे ठेवून काढलेल्या फोटोंत चेहरे काळवंडतात, हा मूळ प्रश्न. वरच्या उत्तरांत बहुतेकांनी 'फ्लॅश घ्या' म्हटलंय. घ्या, पण आधी दिशा बघा. आपला किनारा पश्चिमेला तोंड करून आहे. संध्याकाळी समुद्र मागे घेतला की सूर्य थेट लेन्ससमोर. कॅमेरा उजळ आकाशावरून प्रकाश मोजतो आणि माणूस अंधारात जातो. हर्णैच्या किनाऱ्यावरून समुद्रातला सुवर्णदुर्ग टिपायचा तर सकाळीच जा, ऊन आपल्या पाठीमागून तटावर पडतं. संध्याकाळी तोच किल्ला नुसती काळी आकृती. तीच हवी असेल तर प्रश्नच मिटला.

फ्लॅश लावलात तर एवढं ध्यानात ठेवा: मागचं आकाश किती उजळ येणार ते शटर (प्रकाश किती वेळ आत येतो) ठरवतं; अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र किती उघडं) आकाश आणि फ्लॅश दोन्ही. फ्लॅश आणि माणूस यांतलं अंतर दुप्पट केलं की फ्लॅशचा प्रकाश चौथाई, म्हणजे 2 स्टॉप कमी (एक स्टॉप कमी म्हणजे प्रकाश निम्मा).

खरी गंमत पोफळीच्या आगरात. भर दुपारी तिथे कवडसे पडतात: नाकावर पांढराफटक डाग, गालावर सावली, वर पानांची हिरवट झाक. त्यापेक्षा माणसाला पडवीच्या कडेला, अंगणाकडे तोंड करून बसवा. प्रकाश मऊ येतो, डोळ्यांत चमकही. अंगण तांबड्या मातीचं असेल तर हनुवटीखाली लाली चढते. ती घालवायला पायाशी पांढरी चादर अंथरा. प्रकाश चेहऱ्यावर परतवणाऱ्या महागड्या रिफ्लेक्टरच्या जागी मी थर्माकोलच वापरतो. किनाऱ्यावरच्या वाऱ्यात मात्र तो धरायला एखादा भाचा सोबत न्यावा लागतो.