मात्रा सारखी, परिणाम वेगळे

उंची-वजनावरून काढलेली मात्रा सारखी असूनही फॉलफिरिनॉक्स ही स्वादुपिंडाच्या कर्करोगावरील अनेक औषधांची मिश्र केमोथेरपी एकाला सोसते आणि दुसऱ्याला पहिल्याच फेरीनंतर दाखल व्हावे लागते, हे कसे, या प्रश्नाला दिले जाणारे 'प्रतिकारशक्ती' हे उत्तर पुरेसे वाटत नाही. फरक बऱ्याचदा यकृतातील विकरांचा (एन्झाइम) असतो. या मिश्रणातील फ्लुरोयुरॅसिलचा ८० टक्क्यांहून अधिक भाग डीपीडी हे विकर निकामी करते. ते जन्मतःच कमी असेल, तर नेहमीची मात्राही अतिमात्रा ठरते आणि तोंड येणे, जुलाब, पांढऱ्या पेशी घटणे हे सारे एकदम ओढवते. म्हणूनच युरोपीय औषध संस्थेने २०२० मध्ये उपचारापूर्वी डीपीडीची तपासणी करण्याची शिफारस केली.

याच मिश्रणातील इरिनोटेकानचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे. शरीरात त्याचे एसएन-३८ हे कितीतरी जहाल रूप तयार होते आणि ते निष्प्रभ करणारे यूजीटी१ए१ हे विकरच बिलिरुबिन या पित्तातील पिवळ्या रंगद्रव्याचाही निचरा करते. स्वादुपिंडाच्या गाठीने पित्तनलिका दाबली गेली की कावीळ होतेच. पण स्टेंट (नलिका उघडी ठेवणारी बारीक नळी) घातल्यावर ती उतरूनही 'इनडायरेक्ट' (यकृतात अजून प्रक्रिया न झालेले) बिलिरुबिन किंचित चढेच राहिले, तर गिल्बर्ट सिंड्रोमची, म्हणजे यूजीटी१ए१ जन्मतःच कमी काम करत असल्याची, शंका घ्यावी आणि मात्रेविषयी डॉक्टरांना विचारावे. (रिपोर्टमधील या ओळीकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही.)

मात्र या तपासण्या विषारी परिणामांचा धोका सांगतात, गाठ औषधाला दाद देईल की नाही हे नव्हे. त्यासाठी बीआरसीए या डीएनए दुरुस्त करणाऱ्या जनुकांची तपासणी वेगळी करावी लागते, कारण त्यांत जन्मजात दोष असल्यास याच मिश्रणातील ऑक्सॅलिप्लॅटिनसारखी औषधे अधिक लागू पडण्याची शक्यता असते.