रायव्हल : एकाच पाटाचे दोन वाटेकरी

प्रश्न : मुलीला 'रायव्हल'चा अर्थ 'प्रतिस्पर्धी' सांगितला. ती म्हणाली, "बाबा, हा 'रिव्हर'वरूनच आला असंल ना?" खरं आहे का?

उत्तर : नाळ पाण्याशीच आहे, पण नदीशी नाही. लॅटिनमध्ये 'रीवुस' म्हणजे ओहळ, पाट. त्यावरून 'रीवालिस', म्हणजे एकाच पाटाचं पाणी घेणारा. इ.स. 533 मध्ये रोमन सम्राट जस्टिनियनच्या काळी रोमन कायद्याचं संकलन झालं, त्यात उल्पियन या कायदेपंडिताचं वचन आहे : एकाच पाटातून पाणी नेणारे ते 'रीवालेस', पाण्याच्या वापरावरून त्यांच्यात तंटा झाला, तर दोघांनाही दाद मागता येते. त्याच्या कितीतरी आधी प्लाउटस या रोमन नाटककाराच्या नाटकांत हा शब्द एकाच बाईवर जीव टाकणाऱ्या दोघांसाठी आलेला आहे.

आमचं रान जायकवाडीच्या डाव्या कालव्यावर, पार टेलला, म्हणजे कालव्याच्या शेवटाला. पाण्याची पाळी सुटली की रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन चारीवर, म्हणजे कालव्याच्या फाट्यावर जायचं. वरच्या शेतकऱ्यानं मोघ्याच्या, म्हणजे चारीतून शेतात पाणी सोडायच्या नळीच्या तोंडाला लावलेलं पोतं बाजूला सारलेलं असतं, त्याच्या उसात गुडघाभर पाणी आणि आमच्या हरभऱ्याचं बारं कोरडं. शिव्यागाळी होते. पेरणीला बैलजोडी मागायलाही त्याच्याच दारात जातो. त्यामुळं उल्पियनची ओळ वाचली तेव्हा मला ती आमच्या चारीवरच लिहिल्यासारखी वाटली.

'रिव्हर' मात्र 'रीपा'वरून, म्हणजे काठावरून आला. 'अराइव्ह'ही तिथलाच : काठाला लागणं.

प्रश्न : मग मराठीत नेमका शब्द कोणता?

उत्तर : कबड्डीच्या मैदानावर 'प्रतिस्पर्धी' चालतो. पण हिस्सा एकच आणि हक्क दोघांचा असेल, तिथं मला तो फार कोरडा वाटतो. तिथं 'भावकीतला' म्हणा. 'भाऊबंदकी' हा शब्द नात्याचा, पण आपण तो भांडणासाठीच वापरतो. संस्कृतातल्या 'भ्रातृव्य'चंही तेच झालं : अर्थ पुतण्या, चुलतभाऊ आणि वैरीसुद्धा. पाणिनीनं हा शत्रूचा अर्थ वेगळं सूत्र करून नोंदवला आहे. आपली 'सवत' 'सपत्नी'वरून आली, आणि त्याच 'सपत्नी'वरून संस्कृतात 'सपत्न' म्हणजे शत्रू.

मुलीला आणखी एक सांगा. गणितात सूत्र 'डिराइव्ह' करतात, तोही 'रीवुस'चाच : मूळ प्रवाहातून पाणी वळवून आणणं. आपण रात्री खोऱ्यानं दारं धरतो, म्हणजे पाटाचं पाणी वाफ्यात वळवतो, तेच.